दोन माणसांचा जुना कोच: एका घरासाठी केलेली निवड

पुण्यात कर्वेनगरला दुसऱ्या मजल्यावर राहणारं एक निवृत्त जोडपं. काकांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, काकू लहानखुऱ्या, जेमतेम पाच फूट उंचीच्या. हॉल दहा बाय चौदाचा. त्यातला तीन माणसांचा फोमचा सोफा खचला होता आणि त्यावरून उठताना काकांना दर वेळी कुणाचा तरी हात धरावा लागायचा. त्या जागी दोघांना शेजारी बसून चहा घेता येईल, पेपर वाचता येईल असा जुन्या लाकडाचा दोन माणसांचा कोच त्यांना हवा होता. जुनं लाकडी सामान पारखून देणं आणि दुरुस्त करून घेणं हा माझा व्यवसाय, म्हणून ते माझ्याकडे आले. जुना कोच घेताना जे प्रश्न पडतात ते जवळपास सगळेच या एका खरेदीत पडले, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मागणी सुरुवातीपासून ठरलेली होती: शिसवी, कोरीव आणि शंभर वर्षांचा. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीनं तसे फोटोही पाठवले होते आणि पुढेमागे तो कोच आपण तिकडे घेऊन जाऊ असंही तिच्या मनात होतं. हे आकर्षण समजण्यासारखं आहे. मुंबईत घडवलेलं काळं शिसवी, भरगच्च कोरीव फर्निचर एकोणिसाव्या शतकात ‘बॉम्बे ब्लॅकवूड’ म्हणून परदेशापर्यंत नावाजलेलं होतं. पण रोज बसायच्या वस्तूबद्दल माझं मत पक्कं आहे. ती किती जुनी आणि किती कोरीव हे नंतर बघावं. आधी दोनच गोष्टी बघाव्यात: ज्यांना बसायचं त्यांच्या अंगाला ती बसते का, आणि बिघडली तर तिचे सांधे खोलून ती पुन्हा उभी करता येते का.

म्हणून बाजारात जायच्या आधी टेप काढली ती माणसं मोजायला. काकांचं जमिनीपासून गुडघ्यामागच्या वळीपर्यंतचं अंतर १७ इंच भरलं. शस्त्रक्रियेनंतर त्यांना सांगितलेलं होतं की बसायची जागा गुडघ्याच्या खाली नको. म्हणजे बैठक किमान १७, शक्य तर १८ इंच. काकूंचं तेच माप १५ इंच, त्यामुळे काकांना सोयीच्या उंचीवर त्यांचे पाय अधांतरी राहणार. मांडीची लांबी, पाठीपासून गुडघ्यामागपर्यंत, काकूंची १८ इंच. कोचाची खोली याहून जास्त असली तर एकतर पाठ टेकत नाही, नाहीतर पुढची कड गुडघ्यामागे रुतते. खोली १९ इंचांपर्यंत चालेल, पाठीशी पातळ उशी ठेवू, आणि काकूंच्या पायाखाली घरातला पाट येईल, असं ठरलं. पाट घरात होताच.

दुसरं माप हातांचं. गुडघ्याचा त्रास असलेला माणूस उठताना कोचाच्या हातांवर तळवे टेकून स्वतःला वर ढकलतो. त्यासाठी हात बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत. जुन्या कोरीव कोचांचे हात पुष्कळदा मध्येच वळून मागे संपतात. बसलेल्या माणसाला ते शोभून दिसतात, उठणाऱ्याला उपयोगी पडत नाहीत. रुंदीचा हिशेब सोपा: दोघांना प्रत्येकी २२ इंच आणि दोन्ही हात मिळून आठ, म्हणजे बाहेरून बाहेर ५२ इंचांच्या आसपास. खिडकी आणि पुस्तकांचं कपाट यांच्यामध्ये ५६ इंच जागा होती. जिन्याचं वळण आणि मुख्य दरवाजाही मोजून ठेवला.

पहिला कोच मुंबईत चोर बाजारात, मटन स्ट्रीटवर पाहिला. गडद, जड, पाठीवर वेलबुट्टी आणि मधोमध मोठं फूल. दुकानदार म्हणाले, “मॅडम, ब्रिटिश टाइम का है, पूरा शिसम.” काकू हरखल्या. मी आधी कोच उलटा करायला सांगितला, कारण पॉलिशवाल्याचा ब्रश खालच्या बाजूला सहसा पोचत नाही. काळा शिसव ताजा तासला तर जांभळट तपकिरी दिसतो, त्यात काळ्या रेषा असतात. साग सोनेरी तपकिरी, हाताला किंचित तेलकट. या कोचाची पाठ आणि पुढचे पाय खरे शिसवी होते. बैठकीखालच्या चारही पट्ट्या मात्र गडद रंग दिलेल्या फिक्या लाकडाच्या होत्या आणि त्यांना चौफुली खाचेचे स्क्रू मारलेले होते. हे स्क्रू १९३० च्या दशकाच्या मध्याला पहिल्यांदा बाजारात आले. म्हणजे हा खालचा भाग तरी ब्रिटिश काळाच्या आरंभीचा असणं शक्य नव्हतं. नुसत्या स्क्रूवरून मी निकाल देत नाही, दुरुस्ती कुणीही कधीही केलेली असू शकते. पण मग पाठीकडे नीट पाहिलं. ‘मधोमध’चं फूल मधोमध नव्हतंच, उजवीकडे सरकलेलं होतं, आणि उजव्या टोकाला वेल एका पानाच्या मध्यावर तुटली होती. तीन माणसांचा कोच कापून दोघांचा केलेला होता. फ्लॅट लहान झाले, मोठ्या कोचांना गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हणून असे कापलेले कोच बाजारात येतात. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण अखंड जुन्या कोचाची किंमत त्याला देणं बरोबर नाही. कापलेल्या बाजूचा मूळ सांधा गेलेला असतो आणि पाठीचा सगळा भार नव्या स्क्रूंवर येतो.

मुलीच्या बेताबद्दलही इथेच बोलणं झालं. कोच खरोखर शंभर वर्षांचा असता तर तिला तो कायद्यानं नेता आला नसता. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर किंवा त्याहून अधिक वर्षांची कलाकुसरीची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. शिवाय शिसवाचं जवळपास सगळं कूळ २०१७ पासून वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे ते परदेशी न्यायला परवाना लागतो. त्या लाकडाच्या तयार वस्तूंना दहा किलोपर्यंत सूट आहे, पण शिसवी कोच दहा किलोत बसणार नाही. मुलीनं हे ऐकून घेतलं आणि त्यानंतर शिसवाचा आग्रह धरला नाही.

दुसरा कोच गोव्यातल्या एका जुन्या घरातून पुण्याच्या व्यापाऱ्याकडे आला होता. या कोचाबद्दल आजही माझ्या मनात ओढ आहे. रुंद, ऐसपैस, वेताची पाठ आणि वेताची बैठक, हातांची वळणं एकाच कारागिराच्या हातची. पाठीचा वेत हाताने विणलेला होता. हे ओळखायला चौकटीची मागची बाजू बघायची. हातविणीला चौकटीत ओळीनं भोकं असतात आणि वेताची पट्टी त्यांतून आरपार ओवलेली असते. यंत्रावर विणलेली तयार जाळी खाचेत ठोकून वरून वेताची पट्टी बसवतात, तिथे भोकं नसतात. हातविणीचा तुटलेला भाग पुन्हा विणता येतो, भोकं शाबूत असेपर्यंत कितीही वेळा.

बैठक मात्र १५ इंच उंच आणि २३ इंच खोल निघाली. असा कोच ऐसपैस रेलून बसण्यासाठी उत्तम. काकांना त्यातून उठवायला दोन माणसं लागली असती. पायांना ठोकळे लावून उंची वाढवा, असं व्यापाऱ्यानं सुचवलं. खोलीचं काय करायचं, हा प्रश्न तरीही उरत होता. पाठीशी पाच इंचांची लोड लावली तर जी वेताची पाठ पाहून कोच घ्यायचा तीच झाकली जाते.

दुसरी अडचण किडीची. मागच्या पट्टीला एक-दोन मिलिमीटरची गोल भोकं होती. भोकं असणं वेगळं आणि कीड जिवंत असणं वेगळं, पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या किडीची भोकंही तशीच दिसतात. म्हणून कोचाखाली काळा कागद अंथरून तो काही दिवस तसाच ठेवायला सांगितलं. कागदावर पिठासारखा फिकट ताजा भुसा जमला. हे भुंगेरे लाकडाच्या बाहेरच्या पांढरट भागातला पिष्टमय अंश खातात, सागाच्या गाभ्याला सहसा शिवत नाहीत. वाळवीचं तसं नाही, ती सहसा जमिनीतून मातीच्या नळ्या करत येते, आणि कोच जागेवरून हलवला की तिची वाट तुटते. भुंगेऱ्याच्या अळ्या कोचाबरोबर घरात येतात. काकूंचं पुस्तकांचं कपाट बाजूलाच होतं, आणि त्याच्या फळ्या कोणत्या लाकडाच्या हे कुणालाच सांगता येत नव्हतं. पांढरट लाकडाच्या दोन पट्ट्या बदलून, औषध भरून कोच वाचवता आला असता. ज्यांच्या अंगाला तो बसत नव्हता त्यांच्यासाठी एवढी चिरफाड करायला मी तयार नव्हते. तो ज्यांना लागेल त्यांच्याकडे जावा, असं व्यापाऱ्याला सांगून आम्ही निघालो.

तिसरा कोच दुकानात नव्हताच. दादरला हिंदू कॉलनीतली एक इमारत पुनर्विकासाला जात होती, तिथलं एक कुटुंब घर रिकामं करत होतं. त्यांच्या आजींच्या लग्नात, १९४६ साली घेतलेला सागवानी कोच. दिसायला अगदी साधा: सरळ पाय, पाठीला सात उभ्या पट्ट्या, चार इंच रुंद सपाट हात, कोपरे गोलसर केलेले. त्या काळच्या मुंबईत शिवाजी पार्क, माटुंगा, मरीन ड्राइव्हच्या इमारतींचे सज्जे जसे गोलाकार होऊ लागले होते, तीच आवड मध्यमवर्गीय घरातल्या सुतारकामात उतरलेली यात दिसते. कोरीव काम शून्य. पॉलिशवर पॉलिश चढून कोच जवळपास काळा झालेला, बैठकीचा वेत फाटलेला, डाव्या हातावर गरम कपांची पांढरी वर्तुळं आणि मागचा एक पाय डुगडुगणारा. फोटो पाहून काकू काहीच बोलल्या नाहीत. काकांनी विचारलं, “याच्यात काय आहे?”

यात काय होतं ते टेपनं आधी सांगितलं: बाहेरून ५२ इंच, खोली १९, लाकडाची उंची १७. वर दीड इंचाची कापसाची गादी दबून एक इंच उरली तरी १८. हात पुढच्या कडेपर्यंत आलेले. बैठकीच्या मधोमध पुढून मागे जाणारी एक पट्टी, खालच्या अंगाला खोलगट वळवलेली, आणि तिच्या दोन बाजूंना वेताचे दोन स्वतंत्र चौकोन. दोन माणसांच्या कोचात ही मधली पट्टी फार महत्त्वाची आहे. ती नसेल तर वेत मध्ये झोळ धरतो आणि शेजारी बसलेली दोन माणसं दिवसभर एकमेकांकडे घसरत राहतात. ती सपाट असेल तर वेत ताणून खाली आला की टोचते. इथे घडवणाऱ्यानं दोन्हींचा विचार केलेला होता.

मग चौकटीची परीक्षा. पुढचा एक पाय धरून हळूहळू उचलायचा. चौकट घट्ट असेल तर पुढचा दुसरा पायही लगेच जमीन सोडतो. पहिला पाय पाच-सहा इंच वर आला तरी दुसरा खालीच चिकटून राहिला तर चौकट पिळवटते आहे, सांधे गेलेले आहेत. आमच्या कोचाचा दुसरा पाय दोन इंचांतच उचलला गेला. मागून तसंच केलं तेव्हा मात्र चौकट पिळली, म्हणजे खराबी मागच्या एकाच पायाशी होती. तिथे कुणीतरी खिळे ठोकून वर फेव्हिकॉल ओतलेला होता. बाकी सगळे सांधे मूळचे: खाचेत कूस (लाकडाच्या टोकाला काढलेली जीभ) बसवलेली, आडवी लाकडी मेख मारलेली आणि आतला डिंक सरसाचा.

या सरसामुळेच मी हा कोच घ्या असा आग्रह धरला. फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला. त्याआधी सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवत आणि गरम असतानाच लावत. तो काम झटपट करायला लावतो, वितळवताना वास येतो, दमटपणात सैल पडतो. पण कोमट पाण्यानं आणि वाफेनं तो सुटतो. लाकडाला इजा न होता सांधा उघडता येतो, साफ करता येतो, नवा सरस लावून बंद करता येतो. जुन्या सरसाच्या थरावर नवा सरस नीट धरतो, हा आणखी एक फायदा. पांढरा डिंक पक्का बसतो आणि पुढच्या वेळी सांधा उघडायला गेलं की लाकूडच फुटतं. खिळे मारलेल्या त्या पायाच्या कुसेचा एक कोपरा असाच फुटला. तिथे जुन्या सागाचा तुकडा जोडून कूस पुन्हा घडवावी लागली. सगळ्या दुरुस्तीत सर्वात वेळखाऊ काम तेच.

कोच मुंबईहून आणल्याबरोबर मी सांधे चिकटवू दिले नाहीत, काही आठवडे तो पुण्यातच नुसता ठेवला. मुंबईच्या दमट हवेत लाकडात जेवढं पाणी असतं त्यापेक्षा पुण्याच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या कोरड्या हवेत बरंच कमी राहतं. साग तसा फार आकसत नाही. पाण्याचं प्रमाण पाच टक्क्यांनी उतरलं तरी चार इंची हाताला जेमतेम एक मिलिमीटर फरक पडतो. पण दीड इंची कुसेला तेच एक तृतीयांश मिलिमीटरच्या आसपास जातं आणि तेवढी फट सांधा डुगडुगायला पुरते. कोकणातून किंवा मुंबईतून घाटावर, विदर्भात आणलेलं फर्निचर पहिल्याच उन्हाळ्यात करकरायला लागतं ते यामुळे.

पॉलिशवरून काकांशी माझं बरंच बोलणं झालं. त्यांचं म्हणणं पीयू (पॉलियुरेथेनचं टणक पॉलिश) मारा, चहाचा कप ठेवला तरी डाग नको. मी चपडी लाखेचं स्पिरिट पॉलिश म्हणत होते. हाताच्या खालच्या बाजूला स्पिरिटचा बोळा फिरवला तर काळा थर विरघळून बोळ्यावर आला, म्हणजे मूळचं पॉलिश लाखेचंच होतं. असं असलं की पॉलिश पेपरनं घासायची गरज पडत नाही, स्पिरिटनं थर उतरवता येतात. माझ्या मते ऐंशी वर्षांच्या सागाला घासणं म्हणजे ज्यासाठी तो घेतला तेच काढून टाकणं. उन्हानं, हातांच्या स्पर्शानं आलेला रंग लाकडाच्या अगदी वरच्या पापुद्र्यात असतो, घासला की खाली नव्यासारखं फिकं लाकूड लागतं. थर उतरल्यावर मधासारखा रंग निघाला, आणि काकूंनी पहिल्यांदा त्या कोचाला हात लावून पाहिला.

काकांच्या चहाचा प्रश्न तरीही खराच होता. लाख उष्णतेनं आणि पाण्यानं पांढरी पडते, सॅनिटायझर सांडला तर विरघळते. म्हणून मध्यम मार्ग काढला: सगळ्या कोचाला लाखेचे पातळ हात, फक्त दोन्ही हातांच्या सपाट पृष्ठभागांना अळशीचं उकळलेलं तेल आणि वर मेण. तेलाच्या भागावर डाग पडला तर तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळता येतं. इथे एक सूचना मनापासून देते: अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून डब्यात टाकू नयेत, ते आपोआप तापून पेट घेतात. पसरून वाळवावेत, मग टाकावेत.

वेत हातानं विणून घेतला. ही वीण सहा पदरांची असते: दोन उभे, दोन आडवे आणि दोन तिरपे. वेत भिजवून विणतात, तो वाळताना आवळतो आणि जाळी तबल्याच्या पुडीसारखी ताणली जाते. आपल्याकडे अंध शाळांमधून हे काम पिढ्यान्‌पिढ्या शिकवलं गेलं आहे आणि आमचा कोच विणणारे कारागीरही दृष्टिहीनच होते. त्यांनी बोटांनी चाचपून सांगितलं की उजव्या चौकोनातलं एक भोक आधीच्या कुणीतरी खिळा मारून फाडलेलं आहे. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. तिथे लाकडाची मेख बसवून नवं भोक पाडलं, मगच विणायला घेतलं.

एकूण दुरुस्तीचा खर्च कोचाच्या किमतीहून जास्त झाला. हे काकांना आधीच सांगितलेलं होतं. कोच आणि दुरुस्ती मिळूनही मटन स्ट्रीटवरच्या कापलेल्या कोचाला जेवढे पैसे मागितले होते त्याच्या खालीच राहिलो.

कोच पश्चिमेच्या खिडकीचं ऊन पोचणार नाही असा ठेवला आहे, थेट उन्हात लाखही भाजते आणि वेतही ठिसूळ होतो. काकूंना उन्हाळ्यात महिन्यातून एकदा वेताला खालच्या बाजूनं ओला फडका लावायला सांगितलं आहे. वेताची वरची बाजू चकचकीत साल असते, तिथून पाणी शिरत नाही. वेतावर उभं राहायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, एवढं मात्र नातवंडांना बजावावं लागलं. पहिल्या पावसाळ्यानंतर मी पाय उचलून चौकट पुन्हा तपासली, मागचा सांधा घट्ट आहे. काका हातांवर तळवे टेकून एकटे उठतात. त्यांचं वजन जास्त आणि ते नेहमी उजवीकडे बसतात, त्यामुळे उजव्या चौकोनाचा वेत डाव्याच्या कितीतरी आधी सैल पडेल. तेव्हा फक्त तो एक चौकोन सोडवून पुन्हा विणायचा आहे. त्यासाठी त्याच जाडीच्या वेताची एक गुंडी काकूंनी आत्ताच घेऊन कपाटात ठेवली आहे.